‘निळमौन’ शब्दकोशात घालायचा असेल तर काय करावं लागतं?

चौकस चांदणी
आमच्या मित्रमंडळींत एक शब्द रुळला आहे: निळमौन. पाठवलेल्या निरोपापुढे दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे समोरच्याने तो वाचलाय हे उघड असतं, पण उत्तर काही येत नाही. त्या अवस्थेला आम्ही निळमौन म्हणतो. ‘काल रात्रीपासून तिचं निळमौन चाललंय’, ‘काकांनी पुन्हा निळमौन धरलं’ असं सर्रास बोलतो.

तर प्रश्न असा, की असा घरगुती शब्द कोशात जायला नेमकं काय लागतं? कुणाकडे अर्ज करायचा असतो का? समिती असते का? की एखाद्या नामवंत लेखकाने तो वापरावा लागतो? माझं मत सांगून ठेवते: आपले कोशकार नव्या शब्दांना दारातच ताटकळत ठेवतात. इंग्रजीत दरवर्षी नव्या शब्दांच्या याद्या गाजतात, मग आपल्याकडेच घोडं कुठे पेंड खातं?

तिरसिंगराव
अर्ज तीन प्रतींत, विहित नमुन्यात. सोबत शब्दाचा जन्मदाखला आणि दोन प्रतिष्ठित शब्दांची शिफारस.

बिनबुडाचा तांब्या
शब्द झकास आहे. ढापला.

कोशकीटक
एका कोशाच्या कामात काही वर्षं मुद्रितं तपासली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अर्ज नसतो. म्हणजे लोक पत्रं पाठवतात, आग्रह धरतात, पण त्याने फार तर कोशकाराचं लक्ष वेधलं जातं. त्याला हवं असतं ते अवतरण, म्हणजे कुणीतरी तो शब्द वापरून लिहिलेलं वाक्य, कुठे आणि कधी छापलं त्यासकट. एकाच माणसाची दहा वाक्यं असतील तर ती एकाच्याच हिशेबात धरली जातात. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, काही वर्षं वापरलेला शब्द हवा. विक्शनरीसारख्या सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या कोशातही साधारण नियम असाच आहे: एकमेकांशी संबंध नसलेले किमान तीन वापर, आणि तेही वर्षभराहून जास्त काळात विखुरलेले.

यात एक मेख आहे, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शब्दा*बद्दल* लिहिलेलं वाक्य धरत नाहीत. ‘निळमौन म्हणजे अमुक तमुक’ हे वाक्य शंभरदा छापून आलं तरी उपयोग नाही. ‘त्याच्या निळमौनाला कंटाळून तिने शेवटी फोनच केला’ असं कुणीतरी सहज लिहून गेलं पाहिजे, अर्थ न सांगता, अवतरणचिन्हं न घालता. शब्द नवा आहे याचं भान लिहिणाऱ्याला उरलेलं नाही, हे कोशकार शोधत असतो.

त्यामुळे हा अख्खा धागा, चांदणीताई, तुमच्या शब्दाच्या कामाचा नाही.

बिनबुडाचा तांब्या
@कोशकीटक, पण मी तो ढापलाय ना. मी वापरीन की सहज.

तिरसिंगराव
‘सहज वापरीन’ असं जाहीर करून वापरलेलं सहज कसं होईल? बाद.

मैत्रेयी_२
कोशकीटकांच्या मुद्द्याला चपखल उदाहरण. २०१६ मध्ये इटलीत प्राथमिक शाळेतल्या एका मुलाने वर्णन लिहिताना फुलासाठी ‘पेतालोसो’ असं विशेषण केलं, म्हणजे भरपूर पाकळ्यांचं. बाईंनी ते चूक धरलं, पण शब्द आवडला म्हणून मुलाकडून अकादेमिया देल्ला क्रुस्काला पत्र लिहवलं. ही संस्था १५८३ पासूनची आणि तिचा पहिला कोश १६१२ चा, म्हणजे भाषेच्या बाबतीत त्यांचं हायकोर्टच. संस्थेने मुलाला रीतसर उत्तर दिलं: शब्द व्याकरणाला धरून आहे, सुंदर आहे, पण तो पुष्कळ लोकांनी वापरला आणि पुष्कळांना कळला, तरच कोशात जाईल. 

यावर देशभर धुमाकूळ झाला, जो तो ‘पेतालोसो’ लिहू लागला. पण जवळजवळ सगळे त्या बातमीबद्दल लिहीत होते. फुलाबद्दल कोण लिहितंय!

जुनं खोड
हे सगळं ठीक, पण मराठीत उलट्या दिशेनेही शब्द आलेत ना? आधी ठरवले, मग रुळले. महापौर, हुतात्मा, दिनांक, दिग्दर्शक, बोलपट. सावरकरांनी घडवले आणि आज कुणाला ते घडवलेले वाटतही नाहीत. अर्थ न सांगता अवतरणात सापडण्याची वाट बघत बसले असते तर आपण अजून मेयरच म्हणत असतो. माणसात धमक असेल तर शब्द रुजवता येतो.

मुद्रितशोधिका
जुनं खोड, सावरकरांचं श्रेय कुणी नाकारत नाही. पण त्यांच्या नावाने कायप्पावर (म्हणजे व्हॉट्सॲपवर) फिरणाऱ्या याद्या डोळे मिटून घेऊ नका. त्यांत ‘टपाल’ हमखास असतो. टपाल मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आहे, आणि त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, सावरकरांच्या जन्माच्या २६ वर्षं आधीची. पोस्टाऐवजी टपाल म्हणा असा आग्रह धरणं आणि टपाल हा शब्द घडवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याद्या करणाऱ्यांनी दोन्ही एका पोत्यात भरल्या.

आणि बोलपट घ्या. इतका अचूक बेतलेला शब्द, चांगला चाललाही. पुढे सगळेच चित्रपट बोलू लागले आणि तो वेगळा सांगायची गरजच संपली. आता तो इतिहासाच्या लेखात भेटतो. नभोवाणीचं दुसरंच झालं: आकाशवाणी आणि रेडिओपुढे ती मागे पडली, पण ‘नभोनाट्य’ अजून टिकून आहे. आई गेली, लेक राहिली.

अवांतरवाला
कायप्पा! हाही घडवलेलाच की. आणि फेसबुकचा चेपु. आणि प्रकाटाआ. हे तिन्ही कुठल्याही कोशात नसतील, पण इथे कुणालाही अर्थ विचारावा लागत नाही.

नवखा_नंदू
मला विचारावा लागतो. प्रकाटाआ म्हणजे काय?

अवांतरवाला
प्रतिसाद काढून टाकला आहे.

नवखा_नंदू
का काढला? मी तर फक्त अर्थ विचारला होता.

तिरसिंगराव
😂😂 धागा इथेच वसूल.

कोशकीटक
@जुनं खोड, वरून आलेले शब्द रुजतात, मान्य. पण कुठे रुजतात ते पाहा. शिवाजी महाराजांच्या काळचा राजव्यवहारकोश घ्या. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, पेशव्याचा पंतप्रधान. पुढे काय झालं? पेशवा हटला नाही तो नाहीच, सबंध काळाला त्याचं नाव पडलं. सचिव आणि पंतप्रधान मात्र एवढ्या वर्षांनी नव्या राज्ययंत्रणेत नेहमीचे होऊन बसले. सुमंत आडनावात उरला. म्हणजे एकाच वेळी, एकाच सत्तेने दिलेल्या शब्दांचं नशीब असं वेगवेगळं.

शुद्धमती
सचिव, अमात्य, सुमंत हे घडवलेले शब्द नव्हेत, संस्कृतात होतेच. उकरून काढलेला शब्द आणि नव्याने रचलेला शब्द यांत गल्लत नको.

आणि मूळ प्रश्नाबद्दल: ‘निळमौन’ हा विजोड समास आहे. मौन तत्सम, निळ तद्भव. ‘नीलमौन’ हवं.

बिनबुडाचा तांब्या
नीलमौन ऐकून एखाद्या मुनींचं नाव वाटतं. कुणी मला तीन दिवस उत्तर दिलं नाही तर तो मुनी नसतो हो.

मुद्रितशोधिका
शुद्धमती, निळकंठ चालतो ना? मग? आणि रेल्वेस्थानक, पोलीसठाणे, बसथांबा हे तर दोन वेगळ्या भाषांचे संसार आहेत आणि सुखाने चाललेत. समास शुद्ध असला की शब्द जगतो असं असतं तर ‘अग्निरथगमनागमनसूचक…’ वगैरे गाडी कधीच सुटली असती. (रेल्वेच्या सिग्नलसाठी ती कुणीतरी थट्टेत रचली होती, आणि लोकांनी ती शुद्धीवाद्यांच्या गळ्यात बांधली हा भाग वेगळा.)

खर्डेघाशी
सरकारी कचेरीत वावरल्यामुळे बोलतो. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर पदनाम कोश, शासन व्यवहार कोश असे परिभाषेचे कोश काढले. पदनाम कोशाची तर ‘बदनाम कोश’ म्हणून टिंगल झाली होती. आज त्यातलं काय उरलंय? लिपिक, अधीक्षक, अभियंता, जिल्हाधिकारी हे सगळे कागदावर ठणठणीत आहेत. तोंडात मात्र क्लार्क, इंजिनियर, कलेक्टर. फायलीला ‘नस्ती’ लिहितो आणि शिपायाला ‘ती फाईल आण रे’ सांगतो.

म्हणून माझा कोशकीटकांना प्रश्न: असा शब्द जिवंत म्हणायचा की नाही? लेखी अवतरणं खोऱ्याने मिळतील. तुमच्या निकषाने तो पहिल्या रांगेत बसेल, आणि चांदणीताईंचा निळमौन, जो लोक खरोखर बोलतात, तो दाराबाहेर. हा न्याय झाला का?

चौकस चांदणी
खर्डेघाशी, तुमच्या तोंडात साखर! हेच म्हणायचं होतं मला. लेखी पुराव्याचा हट्ट धरला की कागदावर राहणाऱ्यांची भाषा कोशात जाते आणि तोंडावर राहणाऱ्यांची बाहेर.

कोशकीटक
रास्त प्रश्न. दोन गोष्टी सांगतो.

एक, ‘नस्ती’ जिवंत आहे, पण एका खोलीत. कोशाने तसं सांगावं, की हा शासकीय लेखनातला शब्द. वगळायचं कारण नाही.

दुसरी, बोली शब्दांना मराठी कोशाने दार अगदीच लावलेलं नाही. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला, कधी चाळून बघा. एकीकडे ज्ञानेश्वरी आणि तुकारामगाथेची अवतरणं, आणि शेजारीच (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी अशा खुणा लावून प्रांतोप्रांतीचे शब्द. तेव्हा ध्वनिमुद्रणं नव्हती, संगणक नव्हता, तरी त्यांनी हे केलं. आज अडचण शब्दांची नाही. कोश सतत अद्ययावत ठेवणारी माणसं आणि त्यांना लागणारा पैसा, अडचण ती आहे. इंग्रजी कोशांच्या ज्या याद्या गाजतात त्यांच्यामागे पगारी संपादक असतात, रोज वाचणारे. आपल्याकडे एक कोश पुरा होतो आणि मंडळी पांगतात. ताटकळत ठेवायलाही दारात कुणीतरी असावं लागतं, चांदणीताई.

गणितवाली
कुणी एकट्याने बसून शब्द काढावा आणि तो जगभर जावा असंही होतं. ‘गूगॉल’, म्हणजे एकावर शंभर शून्यं, हा शब्द एडवर्ड कॅस्नर या गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्याने सुचवला होता. कॅस्नरने तो १९४० च्या पुस्तकात छापला. गूगल कंपनीचं नाव त्यावरूनच, आणि २००६ मध्ये ‘गूगल करणे’ या अर्थाचं क्रियापद इंग्रजी कोशांत दाखल झालं. ‘रोबो’ कारेल चॅपेकच्या १९२० च्या नाटकातला. त्याने स्वतःच सांगितलंय की शब्द भाऊ योसेफने सुचवला, चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून. ‘गॅस’ सतराव्या शतकात फान हेल्मोंटने ग्रीक ‘केऑस’वरून बेतला.

माझं निरीक्षण असं की यांतल्या प्रत्येकाला नाव नसलेली एक वस्तू मिळाली होती. ज्याला आधीपासून नाव आहे त्याला दुसरं चिकटवायचं म्हणजे आधीचं उपटावं लागतं. भ्रमणध्वनी तिथेच हरला, मोबाईल आधी येऊन बसला होता. निळमौनाला हा फायदा आहे, त्याच्या जागी दुसरं कुणी नाही.

जुनं खोड
आणि डब्लिनची पैज विसरलात? एका नाटक कंपनीवाल्याने पैज मारली की एका दिवसात नवा शब्द शहरभर करून दाखवतो. रात्रीतून भिंतीभिंतींवर ‘क्विझ’ लिहवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. याला म्हणतात धमक.

मुद्रितशोधिका
गोष्ट फक्कड आहे, खरी नाही. पैज १७९१ ची सांगतात, आणि ‘क्विझ’ हा शब्द ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थाने १७८२ मध्ये लिहिलेला सापडतो.

जुनं खोड
तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीतली मजा मारता बुवा.

मैत्रेयी_२
मजा हवी तर ही घ्या, आणि हिला पुरावा आहे. ‘डॉर्ड’ हा शब्द कुणीही कधीही बोललं नव्हतं, तरी तो १९३४ च्या वेब्स्टर कोशात छापला गेला, अर्थ ‘घनता’. झालं असं की रसायनशास्त्राच्या संपादकाने चिठ्ठी पाठवली होती की मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं संक्षिप्त रूप आहे. इंग्रजीत ते ‘डी ऑर डी’. चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि अक्षरं जोडून वाचली गेली. उच्चारही दिला कोशात! १९३९ मध्ये एका संपादकाला दिसलं की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही, तेव्हा भांडं फुटलं. अशा शब्दांना स्कीट या अभ्यासकाने १८८६ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं, आपण भूतशब्द म्हणू.

खर्डेघाशी
चिठ्ठी चुकीच्या गठ्ठ्यात जाणे. आमच्याकडे यावर अख्ख्या बदल्या झाल्यात.

अवांतरवाला
आणि मुद्दाम घातलेली भुतं? न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशात २००१ मध्ये ‘एस्क्विव्हॅलियन्स’ असा एक पूर्ण खोटा शब्द पेरला होता. दुसऱ्या कुणी कोश चोरून उतरवला तर पकडता यावा म्हणून. अर्थ काय दिला होता माहितेय? ‘आपली अधिकृत जबाबदारी मुद्दाम टाळणे’. २००५ मध्ये गुपित फुटलं. 

अवांतर: नकाशेवालेही असंच करतात. न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर एका कंपनीने ॲग्लो नावाचं नसलेलं गाव दाखवलं. पुढे दुसऱ्या कंपनीच्या नकाशात ते दिसल्यावर चोरी पकडल्याचा आनंद झाला, तर कळलं की मधल्या काळात त्या जागी कुणीतरी नकाशा बघून दुकान काढलं होतं आणि त्याला ॲग्लोचं नाव दिलं होतं. गाव खरं झालं!

नवखा_नंदू
मग एस्क्विव्हॅलियन्सही खरा झाला का? लोक आता वापरतात का?

कोशकीटक
नंदू, फार नेमका प्रश्न. त्याच्याबद्दल बोलतात पुष्कळ, त्याने बोलतात फारच थोडे. पुन्हा पेतालोसोचंच दुखणं.

शुद्धमती
थोडक्यात, चुकून छापलेला शब्द कोशात, फसवायला पेरलेला शब्द कोशात, आणि व्याकरणशुद्ध शब्दांना लोकाश्रयाची अट. उत्तम व्यवस्था.

तिरसिंगराव
शुद्धमती, लोकाश्रय नसतानाही तुमचे प्रतिसाद नियमाने येतात, त्याचं कौतुक आहे. हलके घ्या.

एस्तोनियाप्रेमी
वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. रचून रुजवण्याच्या बाबतीत एस्तोनियन भाषेतला योहानेस आविक सगळ्यांचा गुरू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने अनेक शब्द कुठल्याही धातूचा आधार न घेता, कानाला गोड लागतील असे रचले. ‘रेल्व’ म्हणजे शस्त्र, ‘रोइम’ म्हणजे गुन्हा. आज ते तिथे अगदी रोजचे शब्द आहेत, बातम्यांतले. 

आइसलंडमध्ये संगणकाला ‘तोल्वा’ म्हणतात, आकडा आणि भविष्य सांगणारी बाई या दोन जुन्या शब्दांचा जोड. तिथे एकमेकांना ओळखणारा लहान समाज आणि शाळांतून चालणारी एक भाषा, त्यामुळे शब्द झपाट्याने पोचतो. बेन येहुदाने हिब्रूत शेकडो शब्द केले, ‘मिलोन’ म्हणजे शब्दकोश हा शब्दसुद्धा त्याचाच. पण टोमॅटोसाठी केलेला त्याचा शब्द लोकांनी घेतला नाही, दुसराच घेतला. म्हणजे भाषा उठवून उभी करणाऱ्या माणसालाही टोमॅटोने हरवलं.

जुनं खोड
बघा! म्हणजे रुजवता येतो. @कोशकीटक, आता बोला.

कोशकीटक
रुजवता येतो हे मी नाकारलंच नव्हतं. प्रश्न कोशात घालण्याचा होता. आविकने शब्द आधी लेखांत वापरले, अनुवादांत वापरले, दुसऱ्यांनी उचलले. कोशकार त्यानंतर येतो.

गणितवाली
प्रश्न विचारून चांदणी कुठे गेली? एवढे प्रतिसाद वाचून हे निळमौन बरं नव्हे.

मुद्रितशोधिका
@गणितवाली, वापर चोख. पण षष्ठी करून पाहिलीत का? विभक्ती लागते का, क्रियापद होतं का, यावरून मला शब्दाची तब्येत कळते. ‘टंकणे’, ‘डकवणे’, ‘गूगलून बघ’ हे असे तब्येतीचे. निळमौनाचं क्रियापद होईल?

बिनबुडाचा तांब्या
‘ती निळमौनली.’ ‘निळमौनू नकोस रे.’ होतंय की!

शुद्धमती
कानात बोटं घातली आहेत.

चौकस चांदणी
आहे, आहे, वाचत होते. कोशकीटक, मग मी आता काय करू? खरं सांगा, भाषण नको.

कोशकीटक
तुम्ही ललित लिहिता असं तुमच्या ओळखपानावर दिसतं. एखाद्या लेखात, छापील असेल तर उत्तम, शब्द वापरा. तारांकन नको, तळटीप नको. संदर्भातून अर्थ लागेल असं वाक्य करा, आणि संपादकाने ‘हे काय?’ म्हणून विचारलं तर ठाम राहा. मग तो विषय सोडून द्या. स्वतःच सगळीकडे घुसडत बसलात तर तो तुमचाच राहील. आणि खासगी गटातल्या गप्पा पुरावा म्हणून कुणालाच दाखवता येत नाहीत, तेव्हा त्यांवर भिस्त नको.

खर्डेघाशी
माझी शंका वेगळीच आहे. उद्या कंपनीने त्या खुणांचा रंग बदलून हिरवा केला तर? बोलपटासारखं व्हायचं.

मुद्रितशोधिका
काही होत नाही. शाई हा शब्द फारसी ‘स्याही’वरून आला, म्हणजे मुळात काळेपणा. आपण लाल शाई म्हणतो, निळी शाई म्हणतो, कुणाचं अडलंय?

तिरसिंगराव
मग ठरलं. हिरवं निळमौन. शुद्धमती, बोटं काढू नका अजून.